‘मे’चं ‘मस्ट’ झालं, पुढे काय झालं? ब्रिटनच्या समता कायद्यातलं जातीचं कलम

२००८ साली बिहारमधल्या एका आदिवासी ख्रिस्ती बाईला घरकामासाठी इंग्लंडला नेलं गेलं. लंडनच्या वायव्येला मिल्टन कीन्स नावाचं आखीव शहर आहे. तिथल्या एका भारतीय वंशाच्या कुटुंबात ती जवळपास साडेचार वर्षं राबली. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तासांपर्यंत. झोपायला जमिनीवर टाकलेली फोमची गादी. पासपोर्ट मालकांकडे, बँकेचं खातं तिच्या नावावर पण व्यवहार त्यांच्या हातात. बायबल सोबत आणू दिलं नाही, चर्चला जाऊ दिलं नाही. पुढे हिशेब मांडला गेला तेव्हा तिची मजुरी तासाला ११ पेन्स भरली. त्या वर्षांत ब्रिटनमधलं किमान वेतन ताशी पावणेसहा ते सव्वासहा पौंडांच्या दरम्यान होतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ती त्या घरातून बाहेर पडली आणि रोजगार न्यायाधिकरणात गेली. मजुरीचा मुद्दा सरळ होता. पण तिला फक्त कमी पैसे मिळाले नव्हते. मान खाली घालून राबेल, हक्कांची भाषा बोलणार नाही, अशीच बाई हवी म्हणून तिला निवडलं होतं आणि ती निवड तिच्या जन्मावरून झाली होती, असं तिचं म्हणणं होतं. हे म्हणणं कायद्याच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? इथून या प्रकरणाचा गुंता सुरू होतो.

ब्रिटनचा समता कायदा २०१०चा. त्याआधी समान वेतनाचा कायदा १९७०चा, लिंगभेदाविरुद्धचा १९७५चा, वंशभेदाविरुद्धचा १९७६चा, अपंगांसाठीचा १९९५चा, असं सगळं वेगवेगळं होतं. ते एका छत्राखाली आणलं गेलं आणि वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग अशा नऊ आधारांवर भेदभावाला बंदी घालण्यात आली. या एकत्रीकरणामागे स्त्रीसंघटना, कृष्णवर्णीय आणि आशियाई समाजाच्या संघटना, कामगार संघटना यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. कायद्यात कलम १४ही घातलं गेलं: एखाद्या व्यक्तीला दोन कारणांनी मिळून, म्हणजे स्त्री म्हणून आणि कृष्णवर्णीय म्हणून एकत्रितपणे डावललं, तर तशी एकच तक्रार करता येईल. संसदेनं ते मंजूर केलं. पण पुढच्या सरकारनं उद्योगांवर नियमांचं ओझं नको म्हणत २०११ मध्ये ते लागू न करण्याचं ठरवलं, आणि कलम छापील पानावरच राहिलं. मिल्टन कीन्सच्या त्या बाईला म्हणून आपलं एकच आयुष्य तुकडे करून मांडावं लागलं: हे मजुरीचं, हे धर्माचं, हे वंशाचं.

आणि जात? जातीबद्दल कायद्यात एक वाक्य होतं. हे प्रकरण त्या वाक्याचं आहे.

कलम ९ वंशाची व्याख्या करतं: वर्ण, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ. त्याच्या पाचव्या उपकलमात २०१० साली असं लिहिलं गेलं की जात हा वंशाचाच एक पैलू मानला जावा, अशी दुरुस्ती मंत्री आदेशाद्वारे करू शकतील. मूळ इंग्रजीत शब्द होता ‘मे’. करू शकतील. करतीलच असं नाही.

हा ‘मे’सुद्धा कुणी ताटात वाढून दिला नव्हता. पन्नास-साठच्या दशकांत पंजाबातून गेलेले रविदासी आणि वाल्मीकी या दलित समाजांचे लोक वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्रीच्या ओतशाळांत आणि कारखान्यांत लागले, बेडफर्डच्या वीटभट्ट्यांत लागले, साउथॉलला वसले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर आंबेडकरी बौद्धही गेले, त्यांत महाराष्ट्रातले होते. कारखान्यात गोरा मुकादम सगळ्यांनाच एका मापानं मोजायचा. पण जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेला आपलाच माणूस गाव विचारायचा, मग आडनाव, मग लग्न कुठल्या घरात झालं. पुढचं मराठी वाचकाला सांगायला नको. हे प्रश्न आपल्याकडे रेल्वेच्या डब्यातही विचारले जातात.

या लोकांच्या संघटना हळूहळू उभ्या राहिल्या. दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क १९९८ पासून होती. कास्टवॉच यूके नंतर आली. आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांचा महासंघ होता. २००८ मध्ये यातल्या अनेकांनी एकत्र येऊन जातिभेदविरोधी आघाडी उभारली. त्यांच्यासमोर सरकारचं एक ठरलेलं उत्तर होतं: ब्रिटनमध्ये असं काही घडतं याचा पुरावा नाही. निवेदन घेऊन जाणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला हे उत्तर पाठ असतं. पुरावा नाही म्हणून कायदा नाही, आणि कायदा नाही म्हणून तक्रार नोंदवायला जागा नाही, म्हणून पुरावा नाही.

आघाडीनं हे चक्र तोडलं ते स्वतःच सर्वेक्षण करून. २००९च्या अखेरीस त्यांनी सुमारे तीनशे लोकांचे अनुभव जमवलेला अहवाल काढला. निम्म्याहून अधिक जणांनी जातीवरून भेदभाव सोसल्याचं सांगितलं. समाजशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा नमुना छोटा होता आणि स्वतःहून उत्तर देणाऱ्यांचा होता, हे मान्य करायला हवं. पण सभागृहात ‘पुरावा नाही’ म्हणणाऱ्या मंत्र्यापुढे ठेवायला कागद तयार झाला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे लॉर्ड एव्हबरी हे मानवी हक्कांच्या कामात मुरलेले ज्येष्ठ सदस्य. त्यांनी संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात जातीची दुरुस्ती मांडली. मजूर पक्षाचं सरकार जेमतेम दोन-तीन महिन्यांचं सोबती होतं, निवडणूक तोंडावर होती. सरकारनं मधला मार्ग काढला: बंदी आत्ता नाही, पण मंत्र्याला अधिकार देऊ आणि स्वतंत्र संशोधनही करून घेऊ. एप्रिल २०१०ला कायदा झाला, मे महिन्यात सरकार गेलं.

संशोधन मात्र झालं. राष्ट्रीय आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेनं डिसेंबर २०१० मध्ये अहवाल दिला. कामाच्या ठिकाणी, सेवा घेताना, शाळांमधल्या छळात कायद्याच्या कक्षेत येईल असा जातिभेद ब्रिटनमध्ये आढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांची संख्या किमान पन्नास हजार, कदाचित दोन लाखांच्याही वर, असा अंदाज त्यात होता. या काळात समोर आलेल्या तक्रारींपैकी एक माझ्या मनातून जात नाही. घरी येऊन वृद्धांची शुश्रूषा करणारी एक मदतनीस होती. घरातल्या तसबिरीवरून तिनं म्हातारीची जात ओळखली आणि तिला अंघोळ घालायला नकार दिला. पाणी गरम, नळ घरातला, स्थानिक प्रशासनाची सेवा. आणि म्हातारी तशीच बसून.

अहवाल सरकारी टेबलावर दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. आता हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांचं आघाडी सरकार होतं. वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०११ मध्ये ब्रिटनला हा अधिकार वापरायला सांगितलं. सरकार ‘विचार करत’ राहिलं. मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, एका दाम्पत्यानं, नवरा दलित आणि बायको वेगळ्या जातीची, नोकरीत झालेल्या जातिभेदाची केस लढवायला घेतली होती. कित्येक दिवस सुनावणी चालली आणि २०१३च्या सुरुवातीला न्यायाधीश बाजूला झाल्यानं ती निकालाविना कोसळली. एवढा सगळा खर्च, एवढ्या साक्षी, आणि हाती काहीच नाही.

यानंतर जे सात आठवडे आले ते या प्रकरणाचा गाभा आहेत, म्हणून तिथे थोडं थांबतो.

२०१३च्या वसंतात संसदेत उद्योग व नियामक सुधारणांचं एक भलंमोठं विधेयक चाललं होतं. त्याचा जातीशी काही संबंध नव्हता. पण समता आयोगाच्या अधिकारांना कात्री लावणारी कलमं त्यात होती, म्हणजे समता कायद्याचं दार त्यातून किलकिलं झालं होतं. संघटनांनी ते दार हेरलं. ऑक्सफर्डचे माजी बिशप लॉर्ड हॅरीज यांनी दुरुस्ती मांडली: जात थेट वंशाच्या व्याख्येत घाला. मत पडायच्या तीन दिवस आधी, १ मार्चला, सरकारनं समाजात प्रबोधन करण्यासाठी एक शैक्षणिक उपक्रम जाहीर केला. कायदा नको, संवाद करू, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे शिष्टमंडळ दारात आलं की समिती जाहीर होते, तोच हा प्रकार. यावेळी तो चालला नाही. ४ मार्चला लॉर्ड्समध्ये दुरुस्ती २५६ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाली.

त्या २५६ जणांत धर्मगुरू होते, निधर्मी होते, विरोधी पक्षाचे होते, कुठल्याच पक्षाचे नसलेले होते. दलित संघटनांनी मोठ्या कष्टानं जमवलेलं हे कडबोळं होतं. ख्रिस्ती संघटना आणि धर्मनिरपेक्षतावादी संघटना ब्रिटनमध्ये एरवी एकमेकांच्या समोर उभ्या असतात. जातीच्या प्रश्नावर दोघींनी एकच मागणी केली. लॉर्ड्सचे सदस्य निवडून यावे लागत नाहीत, हेही इथे उपयोगी पडलं. त्यांना पुढच्या निवडणुकीत कुणाच्या मंदिरात मतं मागायची नव्हती.

कॉमन्सचं, म्हणजे निवडून आलेल्या कनिष्ठ सभागृहाचं, तसं नव्हतं. १६ एप्रिलला सरकारी बहुमतानं दुरुस्ती फेटाळली. बेडफर्डचे रिचर्ड फुलर यांच्यासारखा हुजूर पक्षाचा खासदार, ज्याच्या मतदारसंघात वीटभट्ट्यांवर आलेल्या कुटुंबांची नातवंडं राहतात, तो संघटनांची बाजू उचलून धरत होता, पण संख्या सरकारकडे होती. विधेयक परत लॉर्ड्सकडे. २२ एप्रिलला लॉर्ड्सनी दुसऱ्यांदा तीच मागणी केली, या वेळी अवघ्या तेरा मतांच्या फरकानं: १८१ विरुद्ध १६८.

सरकारनं आणखी एकदा फेटाळलं असतं तर? चेंडू पुन्हा लॉर्ड्सकडे गेला असता आणि तेरा मतांचं काठावरचं बहुमत बहुधा तिसऱ्यांदा टिकलं नसतं. पण संसदेचं अधिवेशन २५ एप्रिलला संपत होतं. हाताशी तीन दिवस. विधेयक लटकलं तर उद्योगांसाठीच्या सरकारच्या लाडक्या तरतुदीही लटकल्या असत्या. २३ एप्रिलला सरकार नमलं. जात व्याख्येत थेट घातली नाही, पण कलम ९ मधला ‘मे’ खोडून ‘मस्ट’ लिहायला ते तयार झालं. मंत्री दुरुस्ती करू शकतील, याऐवजी मंत्र्यांनी दुरुस्ती केलीच पाहिजे. २५ एप्रिलला विधेयकाचा कायदा झाला.

त्या दिवशी संसदेबाहेर ज्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या असतील त्यांच्या आनंदात मला खोट काढायची नाही. मतपेटीत नगण्य असलेल्या एका समाजानं एका बलाढ्य सरकारला शब्द बदलायला लावला होता. पण हा विजय कशामुळे मिळाला, ते नीट बघावं लागतं. नैतिक बाजू २०१० मध्येही हीच होती, अहवाल २०११ मध्येही हाच होता. एप्रिल २०१३ मध्ये नवीन काय होतं, तर सरकारला गाठायची असलेली तारीख. आणि नेमकी तारीखच नव्या कलमात लिहिली गेली नाही. ‘केलंच पाहिजे’ आहे, ‘केव्हापर्यंत’ नाही. उलट सरकारनं जाता जाता एक तरतूद घालून घेतली: पाच वर्षांनी आढावा घेता येईल आणि गरज वाटली नाही तर जातीची ही तरतूद काढून टाकता येईल. म्हणजे अंमलबजावणीला मुदत नाही, मागे घेण्याचा मुहूर्त मात्र काढलेला.

जुलै २०१३ मध्ये सरकारनं वेळापत्रक जाहीर केलं. २०१५च्या उन्हाळ्यापर्यंत सगळं पूर्ण होईल, असं त्यात होतं. ते वेळापत्रक कायद्यात नव्हतं, म्हणून ते पाळलं नाही तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. घोंगडं भिजायला ठेवलं ते तिथे.

दुसरी बाजू आता खऱ्या अर्थानं कामाला लागली. हिंदू फोरम ऑफ ब्रिटन, हिंदू कौन्सिल, मंदिरांची राष्ट्रीय परिषद या संस्था आधीपासून होत्या आणि २०१० पूर्वीही त्यांनी विरोध नोंदवला होता. पण लॉर्ड्समधल्या पराभवानं त्या खडबडून जाग्या झाल्या. आमच्याशी बोलल्याशिवाय आमच्या समाजाबद्दल कायदा केलात, ही त्यांची पहिली तक्रार होती. २०१३ नंतर अनेक हिंदू संघटनांची एक आघाडीच उभी राहिली आणि तिनं या कलमाची रद्दबातली हे आपलं मुख्य काम मानलं. नागरी समाज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समतेच्या बाजूनं मोर्चा काढणारे येतात. समतेच्या कायद्याला विरोध करणाऱ्या संस्थाही तितक्याच नागरी समाजाच्या असतात, त्याही निवेदनं देतात, त्याही खासदारांना चहाला बोलावतात. ब्रिटनमध्ये त्यांनी हे अधिक चांगलं केलं.

त्यांचे मुद्दे काय होते ते प्रामाणिकपणे मांडतो. ब्रिटनमध्ये वाढलेल्या तिसऱ्या पिढीला जात ठाऊकच नाही, कायद्यात लिहून तुम्ही ती शिकवाल. जातीची आजची मांडणी वसाहतकाळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी घट्ट केली, आता तोच देश ती आपल्या कायद्यात घालतोय. मालकाला भेदभाव टाळायचा तर कामगाराची जात विचारावी लागेल. एका धर्माच्या माणसांकडे शाळेत, कचेरीत संशयानं पाहिलं जाईल. यातला शेवटचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. गोऱ्या बहुसंख्येच्या देशात आपल्या मुलाला वर्गात ‘तुमच्यात अस्पृश्यता पाळतात ना?’ असं कुणी विचारलं तर आई-बापाला टोचणारच. पण बाकीच्यांना उत्तर आहे. वंशभेदाचा कायदा पाळायला कुणी कामगाराच्या त्वचेची नोंद ठेवत नाही. आणि जात नसेलच, तर जातीवर बंदी घातल्यानं कुणाचंच काही जात नाही. ज्या म्हातारीला अंघोळ घालायला नकार मिळाला तिला जात कायद्यानं शिकवली नव्हती.

मुद्द्यांपेक्षा आकडे बोलले. २०११च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला हिंदू म्हणवणारे ८,१६,६३३ होते. आपला धर्म ‘रविदासी’ असं स्वतःच्या हातानं लिहिणारे ११,०५८. सगळे दलित रविदासी नव्हेत आणि सगळे हिंदू कलमाच्या विरोधात नव्हते, तरी पक्षाच्या कार्यालयात बसून गणित मांडणाऱ्याला हे दोन आकडे पुरेसे होते. दलित कुटुंबं मिडलँड्समध्ये आणि इतरत्र विखुरलेली, शीख, हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती अशा अनेक नोंदींत विभागलेली. हॅरो, ब्रेंट, लेस्टरसारख्या भागांत हिंदू मतदार एकवटलेले आणि पूर्वी मजूर पक्षाचे मानले गेलेले हे मतदार हुजूर पक्षाकडे सरकत होते. हॅरो ईस्टचे हुजूर खासदार बॉब ब्लॅकमन यांनी कलम रद्द करा ही मागणी संसदेत पुन्हा पुन्हा लावून धरली. मजूर पक्षातही, विरोधात बसून ‘मस्ट’साठी मत देणारे खासदार पुढे आपापल्या मतदारसंघाकडे बघून गप्प होत गेले.

२०१५चा उन्हाळा आला आणि गेला. त्या वर्षीची एक घटना मराठी माणसानं आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. उत्तर लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड इथलं तीन मजली घर महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये शिकत असताना १९२१-२२च्या सुमारास बाबासाहेब तिथे राहत. ते घर विकायला निघालंय आणि भारतानं ते घ्यावं, ही धडपड कुणी केली? ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघानं, त्यात संतोष दास या बाई पुढे होत्या. जातीच्या कलमासाठी झटणाऱ्यांमध्येही त्या होत्या. मुंबईत त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं आणि काही महिन्यांत निर्णय झाला. १४ नोव्हेंबर २०१५ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते उद्घाटन झालं. आदल्या दिवशी वेम्बलीच्या मैदानात त्यांच्यासाठी प्रचंड सभा झाली होती आणि ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन त्या मंचावर होते.

तेच कार्यकर्ते, तोच महापुरुष, तेच वर्ष. स्मारक मागितलं तेव्हा उद्घाटनाला पंतप्रधान हजर. बंदी मागितली तेव्हा फाइल हलत नाही. या घराबद्दल मला मनापासून आनंद आहे, तिथे जाऊन दाराशी दोन मिनिटं उभं राहावं असं वाटतं. म्हणूनच त्याच शहरात ती फाइल तशी पडून होती हे अधिक लागतं.

दरम्यान मिल्टन कीन्सची केस पुढे सरकत होती. मालकांच्या वकिलांनी अपिलात मांडलेला युक्तिवाद वाचताना मी थबकलो. ते म्हणाले, जात कायद्यात घालावीच लागेल असं संसदेनंच सांगितलं आहे. याचा अर्थ आत्ता ती कायद्यात नाही. म्हणून हा दावा इथेच फेटाळा. संघटनांनी एवढ्या कष्टानं मिळवलेला ‘मस्ट’ ज्या बाईसाठी होता तिच्याच विरुद्ध वापरला गेला! समता व मानवी हक्क आयोगानं या अपिलात हस्तक्षेप केला. अपील न्यायाधिकरणाचे न्यायमूर्ती लँगस्टाफ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये मालकांचं म्हणणं नाकारलं. ‘वांशिक मूळ’ हा शब्दप्रयोग व्यापक आहे, त्यात कुळ-वंशपरंपरा येते, त्यामुळे काही प्रकरणांत, त्या त्या वस्तुस्थितीनुसार, जातीवरून झालेला भेदभाव आजच्या कायद्यातही बसू शकतो, असं त्यांनी ठरवलं. शीख हा वांशिक समूह आहे असं तेव्हा देशाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या लॉर्ड्सच्या न्यायासनानं १९८३ मध्ये एका मुलाच्या पगडीच्या खटल्यात ठरवलं होतं, त्याच वाटेवरचा हा निर्णय.

सप्टेंबर २०१५ मध्ये मूळ न्यायाधिकरणानं तिच्या बाजूनं निकाल दिला. वंशाच्या आधारावरचा छळ आणि धर्माबाबतचा अप्रत्यक्ष भेदभाव सिद्ध झाला आणि बुडवलेल्या मजुरीपोटी १,८३,७७३ पौंड तिला मंजूर झाले.

सरकारला या निकालात पळवाट दिसली. न्यायालयंच काम करत असतील तर कायदा कशाला? मार्च २०१७ मध्ये जनतेकडून हरकती आणि सूचना मागवण्यात आल्या. प्रश्नावलीत दोन पर्याय दिलेले होते: खटल्यांच्या निकालांवर भिस्त ठेवावी, की कायद्यात दुरुस्ती करावी? संसदेनं चार वर्षांपूर्वी ‘केलंच पाहिजे’ म्हणून ठरवलेली गोष्ट ‘तुम्हाला काय वाटतं?’ या प्रश्नाखाली आली होती. मध्येच जूनमध्ये निवडणूक लागली, मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली. दोन्ही बाजूंनी आपापल्या लोकांना उत्तरं भरायला बसवलं. कोणाकडे किती सभागृहं, किती सभासद याद्या, रविवारी एकत्र येणारी किती माणसं, यावर अशा सल्लामसलतीचं पारडं झुकतं.

सोळा हजारांच्या वर उत्तरं आली. त्यांतल्या ८,५१३ जणांनी, म्हणजे सुमारे ५३ टक्क्यांनी, निकालांवर भिस्त ठेवा असं सांगितलं. २२ टक्क्यांना तेही नको होतं, कायदाही नको होता. कायदा करा म्हणणारे २,८८५, सुमारे १८ टक्के. २३ जुलै २०१८ला महिला व समता खात्याच्या मंत्री पेनी मॉर्डंट यांनी जाहीर केलं की मिल्टन कीन्सच्या खटल्यानं पुरेसं संरक्षण दिलं आहे, कायदा समाजात फूट पाडेल, म्हणून ही तरतूद योग्य वेळी रद्द केली जाईल. पाच वर्षांचा मुहूर्त एप्रिलमध्येच उलटला होता.

भेदभाव सोसणाऱ्या अल्पसंख्याकांना संरक्षण द्यायचं की नाही, हा प्रश्न उत्तरांची मोजदाद करून सोडवला गेला, हे मला या सगळ्यात सर्वात चुकीचं वाटतं. ज्यांना संरक्षण हवं असतं ते मोजणीत कमीच भरणार. म्हणून तर त्यांना कायदा लागतो. दलित संघटनांनी हे त्याच वेळी सांगितलं. पण त्यांच्याही हातून एक गोष्ट सुटली असं मला दूरून वाटतं. २०१३च्या विजयानंतर लॉर्ड्समधल्या मित्रांवर भार राहिला आणि हॅरोसारख्या मतदारसंघांत, सर्वसामान्य हिंदू कुटुंबांमध्ये, विशेषतः तिथल्या बायकांमध्ये, जाऊन बोलणं कमी पडलं. घरकामगार स्त्रीचा खटला हा सगळ्या समाजांतल्या स्थलांतरित कामकरी बायकांचा प्रश्न म्हणून उभा राहू शकला असता. तो जातीचा म्हणून एका बाजूला आणि घरकामगारांचा म्हणून दुसऱ्या बाजूला लढला गेला. कायद्यातले रकाने चळवळीतही उतरले. लॉर्ड एव्हबरी फेब्रुवारी २०१६ मध्ये गेले, त्यांच्या जाण्यानं सभागृहातला सर्वात चिकाटीचा आवाज गेला.

पुढे हीच ओढाताण अमेरिकेत झाली. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत सिअॅटलच्या नगर परिषदेत होत्या. त्यांनी मांडलेला जातिभेदबंदीचा ठराव २१ फेब्रुवारी २०२३ला ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सिनेटर आयेशा वहाब यांचं विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमतानं पार पडलं आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते परत पाठवलं. जातिभेदाला आजच्या कायद्यानंच बंदी आहे, हे विधेयक अनावश्यक आहे, असं कारण त्यांनी दिलं. २०१८ मध्ये लंडनमध्ये दिलेलं कारण आणि हे कारण शेजारी शेजारी ठेवून वाचा.

‘संरक्षण आधीच आहे’ याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो? ब्रिटनमध्ये ‘मस्ट’ रद्द करायचा तर संसदेत नवं विधेयक आणावं लागतं. २०१८च्या घोषणेनंतर वर्षानुवर्षं ते कुणी आणलं नाही. त्यामुळे शब्द पानावर आहे, त्याचा अंमल नाही. मिल्टन कीन्सच्या बाईला मानवी व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे निष्णात वकील मिळाले, आयोग मदतीला आला, तरी आपली जात ‘वांशिक मुळा’त बसू शकते एवढं ठरायलाच घर सोडल्यापासून दोन वर्षं गेली. तो निर्णयही ‘काही प्रकरणांत बसू शकते’ इतकाच आहे. तिच्यानंतर येणाऱ्या बाईला, मग ती लेस्टरच्या कपड्यांच्या कारखान्यातली असो की कुणाच्या घरातली, आपली जात त्यात बसते हे स्वतःच्या केसमध्ये पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. त्या बाईची केस चालली त्या वर्षांत रोजगार न्यायाधिकरणात तक्रार दाखल करायला तीन महिन्यांची मुदत असे. एक दिवस उशीर झाला तर दावा साधारणपणे दारातूनच परत जाई.